इतर

डबा दोन ते आठ अंशांत ठेवायचा.
बाहेर बेचाळीस.
स्कूटीच्या पायठ्यावर डबा, डब्यात बर्फाच्या पिशव्या,
त्यांच्या कुशीत सकाळपासूनच्या अकरा नळ्या.

विडी घरकुलात गल्ल्या सगळ्या एकसारख्या,
म्हणून शशिकलाताई पुढे.
ती तेलुगूत हाका मारते,
मी मराठीत मागून चालते.

दारात सूप, सुपात तंबाखू,
आणि कात्री एका क्षणासाठी थांबलेली.
नरसम्मा वंगारी. वय?
"पन्नास लिही.
मागच्या बाईनं पण पन्नासच लिहिलं होतं."

संमतिपत्र वाचायला सात मिनिटं लागतात.
विषाणूला काय म्हणायचं ते शशिकलाताई
दर दाराशी नव्यानं शोधते.
कुठे कीड म्हणते, कुठे विष.
इथे म्हणाली, डोळ्याला न दिसणारा पाहुणा.
नरसम्मानं विचारलं, मग जाणार कधी?

अंगठा टेकवला.
कागदावर निळा गोळा, आत एकही रेष नाही.
चाळीस वर्षं पानं वळून
अंगठ्यावर लिहिलेलं पुसून गेलंय.
रेशनच्या मशीनलासुद्धा मी पटत नाही, म्हणाली,
आणि साडीला शाई पुसली.
मी साक्षीदाराची सही घेतली.

रक्ताला मात्र सगळं पाठ असतं.
कुठला ताप कधी येऊन गेला,
ते आम्ही त्याच्याकडून वदवून घेतो.
डेंग्यूचे चार प्रकार. चार भाऊच म्हणा, तोंडावळा एक.
एकाला हाकललेलं रक्त दुसऱ्याला पाहतं,
ओळखीचा वाटतो, पण पकड नीट बसत नाही,
आणि हाताला धरून
त्यालाच आत घेऊन येतं.
म्हणून दुसरा ताप कधीकधी जास्त वाईट.

हे सांगताना मी जरा रंगातच आले होते.
ती पान कातरत राहिली.
"थोरलीला पहिल्यांदा काही नाही झालं.
दुसऱ्यांदा सिव्हिलला नऊ दिवस.
प्लेटलेट अकरा हजार."
आकडा तेवढा मराठीत म्हणाली, स्पष्ट,
पाढा म्हणावा तसा.
थोरली आता कुठे, ते मी विचारलं नाही.
शशिकलाताईनं डोळ्यांनीच सांगितलं, आत आहे, बरी आहे.

मग पिंपं.
नळ पाचव्या दिवशी, कधी सहाव्या.
अळीचा डास व्हायला आठ-दहा.
एवढ्याशा फटीत हे शहर पाणी साठवतं.
शिळं झालं तरी ओतून द्यायचं कुणाच्या जिवावर?
शेजारच्या प्रत्येक पिंपात टॉर्च मारला तेव्हा
वळवळणारे स्वल्पविराम,
संपतच नाही असं एक वाक्य.

इथे काहीच नाही.
पिंपावर चादर, कडेनं नाडी ओवलेली.
सेकंडचा माल, नवऱ्याच्या कारखान्यातला.
दोन मोर, एकाला मानच विणली गेली नाही.

"तो दिवसा चावतो, पायाला.
मी दारात बसून असते, मला दिसणार नाही?
आधी एकाच पिंपाला घातली.
दुसरं तसंच उघडं ठेवलं.
पंधरा दिवस बघितलं."

आमच्या सरांना याच वाक्यासाठी
दोन वर्षं आणि एक अनुदान लागलं होतं.

फॉर्मवर रकाने तीन:
झाकण आहे. झाकण नाही. इतर.
'इतर'पुढे दीड इंच जागा.
मी लिहिलं, चादर.
मग, मोर.
मोर खोडला.

"हे छापून येईल?"
येईल, एका आलेखात. तुमचा एक ठिपका असेल.
"कुठला?"
ते आम्हालाही कळत नाही, नाव काढून टाकतात.
ती हसली, की तंबाखूचा ठसका होता, कोण जाणे.
"ठिपका तर ठिपका.
थोरलीचं पण घे रक्त. झोपलीय. उठवते."

डबा सात अंशांवर आला होता.
मी नवी सुई काढली.