पाचवा दिवस

इशू ढोलीमागं जाऊन उभी राहते,
पाय आवळून, लालबुंद.
"येतच नाही," म्हणते.
येते. ती धरून ठेवते.
मागल्या खेपेला दुखलं, तेवढं तिच्या पक्कं ध्यानात.
मी ओरडलो होतो, तेही.

अंगणवाडीतल्या मंदाताई सयाम आल्या,
तिच्या पोटावर हात फिरवला, बोलल्या मात्र मला,
"आधी तुमी घाई सोडा जी."

बिस्किटाचे पुडे फळीवर गेले.
भिजल्या मनुका, अंबाडीची भाजी,
पाण्याचा गडू तिच्याच हाती.
परसातली पपई पिकायची होती.

जेवण झालं की पायाखाली वीट,
समोर मी उकिडवा, गोष्ट सांगत:
एक बैल नदीकाठी बसला,
त्याला कोणी तुतारी टोचत नाही.

आज गोष्ट अर्धीच राहिली.
"बाबा, बैल गेला ना पल्याड!"

पपई अजून हिरवीच.