पावती

सोमवार ते शुक्रवार मी दात घडवते
निइगाताच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत अशांचे.
उजवी दाढ, जरा पिवळसर, थोडी झिजलेली.
अगदी कोरी दिसली तर खोटी वाटते.

शनिवारी पहाटे चारला पुलाखाली आम्ही एकोणीस जण.
कुणी बँकेतला, कुणी टोफूवाला,
एक शाळेतली परिचारिका, तिची घंटी बिघडलेली,
खड्डा आला की आपोआप वाजते.
उरुशिहारासान कागद वाटतात:
तीनशे किलोमीटर, वीस तास,
वाटेतल्या पाच दुकानांच्या पावत्या आणा.
काहीही घ्या, च्युइंगम चालेल.
पावतीवर वेळ छापलेली असते;
तुम्ही तिथे होतात की नाही, हे ती सांगते,
तुम्हाला कुणी विचारत नाही.

मी काही खेळाडू नाही. वय त्रेपन्न,
सायकल पुतण्याची, सीट तेवढी माझी.
मुराकामीत छपरांखाली उलटे टांगलेले साल्मन
वाऱ्यावर सुकत होते, तोंडं उघडी,
मी त्यांचे दात मोजत पुढे गेले.
मग बोगदे. बोगद्यात मागून ट्रक आला
की आधी आवाज येतो, मग भिंत थरथरते,
मग बराच वेळ काहीच येत नाही,
आणि तेवढ्यात आयुष्यात कुणाकुणाला
उलट उत्तर दिलं ते सगळं आठवतं.

साकाताला वळले. परतीचा वारा तोंडावर.
डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र,
मधे मी, दातओठ खाऊन,
ताशी अकरा किलोमीटर.
चौथं दुकान पाच वीसच्या आत गाठायचं होतं.
गाठलं.
काचांना आतून कागद चिकटवलेले.
‘चोवीस वर्षांच्या लोभाबद्दल आभारी आहोत.’

बाहेर कठड्यावर बसून रडले असते,
पण घाम आधीच इतका खारट होता.
रस्त्यापलीकडे एका शेडमध्ये दिवा होता,
खाकी फळांचे ढीग, पैशांसाठी डबा,
आणि डब्यावर विश्वास नसल्यासारखा शेजारी बसलेला म्हातारा.
चार घेतली. म्हटलं, आजोबा, पावती द्याल का?
ते हसले. मी सवयीने दात पाहिले:
डावा सुळा किंचित पुढे. माझ्या हातचे नव्हते.
ज्याने केले त्याला काम येत होतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान फाडून
पाठीवर त्यांनी बॉलपेनाने लिहिलं, सावकाश,
अर्जावर लिहितात तसं:
‘खाकी, नग चार, तुरट आहेत हे सांगून दिली.
बाई सायकलवर होत्या. वेळ:
गावच्या भोंग्यावरचं पाचचं गाणं संपल्यावर थोड्या वेळाने.’
खाली अंगठ्याएवढा लाल शिक्का. मिनाशिरो.

रात्री बारा वाजून नऊ मिनिटांनी मी पुलाखाली पोचले,
म्हणजे तसंही सगळं संपलेलंच होतं.
तरी उरुशिहारासाननी डोक्यावरचा दिवा लावून
पाचही पावत्या वाचल्या. चौथ्याशी थांबले.
“थोडा वेळ म्हणजे किती?”
“त्यांनी डोळ्यांवर चष्मा शोधला, तो खिशात होता,
तेवढा.”
ते हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं.
टोफूवाल्याने गरम सूप पुढे केलं,
परिचारिका केव्हाच घरी गेली होती.

दुकानांच्या पावत्यांची शाई उडते.
मागच्या वसंतातल्या आत्ताच कोऱ्या झाल्यात,
तेव्हा मी कुठे होते, काय खाल्लं, कुणास ठाऊक.
कॅलेंडरचं पान ड्रॉवरमध्ये आहे,
मेणाच्या वड्या आणि मोजपट्टीच्या खाली.

आज मंगळवार. जिना उतरताना कठडा धरते.
एक खालचा जबडा गुरुवारपर्यंत द्यायचा आहे.
खिडकीत चारही खाकी ओळीने ठेवलीत,
रोज एकीला नख लावून बघते.
अजून कडक.