त्रेचाळीस तिकिटं

बोगदा संपला की दोन फाटे.
डावीकडे पाटी, माणसाहून उंच, चार भाषांत;
त्या डोंगराचं नाव टोकियोतल्या पोरांच्या टोप्यांवरही असतं.
सगळी रांग तिकडे वळते,
टपांवर स्कीच्या पेट्या, काळ्या, चकचकीत.
मी उजवा दिवा लावतो.
मागे इत्सुकी झोपेत, हेल्मेट मांडीवर,
कलिंगड सांभाळावं तसं.

मीही जायचो डावीकडे.
काचेच्या डब्यात आठ जण, आठ फोन.
चाळीस मिनिटं उभं राहायचं चार मिनिटं घसरायला,
आणि घसरतानाही मान मागे,
कोण येतंय अंगावर.
एकदा तिथल्या कॅन्टीनमध्ये
ट्रे घेऊन जागा शोधता शोधता
नूडल्स गार झाले.
इत्सुकी म्हणाला, बाबा, आपण बर्फासाठी आलो होतो ना?

इकडे एकच लिफ्ट. एका माणसाची खुर्ची,
पाठ आहे, पुढे दांडी नाही,
बूड टेकेल एवढीच फळी.
कुदोकाका हातातल्या लहान खराट्याने
प्रत्येक फळी झाडतात माणूस बसायच्या आधी,
आणि झाडून झालं की किंचित वाकतात,
फळीला की माणसाला, कळत नाही.
रिकामी खुर्ची आली तरी झाडतात.

दोन उतार. तिसऱ्याला दोरी बांधलीय,
तिथे गावच्या शाळेतली पोरं शर्यत लावतात.
वर गेल्यावर दिसतं ते सगळं बिननावाचं:
देवदार, गोठलेलं तळं,
भातखाचरांचे बांध बर्फाखालून उमटलेले,
पांघरुणातून गुडघे दिसावेत तसे.
मागून कुणी येत नाही.
इत्सुकी पडतो तो सावकाश पडतो,
पडून राहतो, आभाळाशी काहीतरी बोलतो,
मग उठतो.

मागल्या रविवारी लिफ्ट मधेच थांबली.
खाली एक आजी बसता बसता घसरल्या होत्या.
आम्ही टांगलेले. पुढे इत्सुकी, मागे मी,
मधे एक रिकामी खुर्ची, झाडलेली.
मोटर गप्प झाली तेव्हा कळलं
इतका वेळ ती बोलत होती.
फांदीवरून बर्फ सुटला.
ससा कुठून कुठे गेला
ते खाली लिहिलेलं होतं.
इत्सुकी मागे न वळता म्हणाला,
"बाबा, हे कुणाला सांगू नकोस."
मी म्हटलं, नाही सांगत.

निघताना तिकिटाच्या खिडकीत
तोगाशीबाई वही मिटत होत्या.
स्टोव्हवर किटली, वर पासांचे दोरे वाळत घातलेले.
मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "त्रेचाळीस.
रविवार असून."
पुढल्या हिवाळ्याआधी लोखंडी दोर बदलायचाय,
आणि नगरपालिका विचारते, कुणासाठी?
मग इत्सुकीच्या हातात एक संत्रं ठेवलं.
"तुमच्या ऑफिसात सांगा की हो चार जणांना."

गाडीत दोघेही गप्प.
बोगद्याच्या तोंडाशी पुन्हा तीच रांग,
लाल दिवे, लाल दिवे.
इत्सुकी संत्रं सोलत होता,
साल तुटू न देता.
"चार म्हणजे चारच," बऱ्याच वेळाने म्हणाला.
"आणि सावकाश पडणारे."

मी मनात नावं घ्यायला लागलो.
तिसऱ्याशी अडलो.