पत्त्याचा रकाना

आमच्या प्रयोगशाळेत माती येते ती पिशवीतून,
पिशवीवर नाव, बागेचा नंबर, पत्ता.
ही आली दह्याच्या डब्यातून.
झाकणाला रबर, वर मार्करने लिहिलेलं :
यात काय आहे ते सांगा. खायचं आहे.

पत्त्याचा रकाना कोरा.

फ्रेस्नोच्या दक्षिणेला, महामार्गाखालून कालवा वळतो
तिथे साठ-सत्तर तंबू. नकाशावर ती जागा
नुसतीच राखाडी.
डबा घेऊन आला ऑर्व्हिल टॉलिव्हर, पूर्वीचा वेल्डर,
डाव्या कानाने ठार बहिरा.
म्हणाला, कचऱ्याची गाडी आमच्याकडे वळत नाही,
म्हणून आम्हीच काढला, आम्हीच मोजला.
अकरा शनिवार. तीनशे बारा टायर.
सुया कॉफीच्या डब्यांत, डब्यांना टेप.
आणि एक पियानो, पाण्याने फुगलेला.
पियानो ठेवलाय. कोंबड्या त्यात अंडी घालतात.

मी आकडा लिहिला : शिसे, आठशे चाळीस.
आकडा लिहिणं माझं काम, जाऊन सांगणं नाही.
तरी गेले. त्याच्या उजव्या कानाशी म्हणाले,
या मातीत काही लावू नका,
लावलंत तर तोंडात घालू नका.
तो जमिनीकडे बघत राहिला,
उसने घेऊन तोंड चुकवणाऱ्या सोयऱ्याकडे बघावं तसा.

मग बाथटब आले.
हमरस्त्यावरचं एक मोटेल पाडत होते, तिथले, बिडाचे,
एकेकाला चार माणसं.
पाणी निचरायला भोक आयतंच.
दफनभूमीच्या माळ्याकडून पानांचं खत,
तीन हॉटेलांतला कॉफीचा चोथा,
आणि चर्चच्या नळावरून पाणी, बादली बादली,
रविवारी नाही, कारण रविवारी पाद्री बघतो.

सातव्या टबात मला ती दिसली.
लाल देठ, पंजासारखं पान.
अंबाडी!
मी मोठ्याने म्हणाले, मराठीत,
कालव्याच्या काठी, चौदा वर्षांत पहिल्यांदा
कुणालाही न विचारता.
ओफेलिया बार्रिएंतोस म्हणाली, हमाइका.
तिला बोंडं हवी होती, सरबताला,
पानं ती खुडून कोंबड्यांना टाकायची.
मी पानं ओच्यात घेतली
तेव्हा तिने माझ्याकडे शेळीकडे बघावं तसं बघितलं.

ऑर्व्हिलच्या चुलीवर शिजवली.
कण्या घालून, वरून लसणाची फोडणी,
आमच्या हिंगोलीकडे करतात तशी.
ऑर्व्हिल म्हणाला, आंबट आहे.
तोंड वाकडं केलं, आणि ताट पुन्हा पुढे केलं.
ओफेलिया काही बोलली नाही,
पण त्या दिवसापासून कोंबड्यांना अंबाडी मिळाली नाही.

सप्टेंबरात नोटीस. नारिंगी कागद
नेमका पियानोवर चिकटवलेला.
बहात्तर तास.
अंबाडीला फुलायला दिवस लहान व्हावे लागतात,
रात्र वाढली की मगच ती कळी धरते.
हे नोटिशीला कोण सांगणार.

ऑर्व्हिलने मोटारीच्या चाकांवर गाडा वेल्ड केला
आणि रात्रीतून टब निघाले,
पाण्यासकट, मातीसकट, उभ्या झाडांसकट,
कालव्याच्या काठाने हळूहळू, जशी वरात.
हे मला नंतर कळलं.
त्या दिवशी मी बदामाच्या बागांची माती तपासत होते.
कामाचा दिवस होता. एवढंच म्हणते.
चौदातले पाच टब मागे राहिले. पियानोही.
कोंबड्यांचं कुणी विचारलं नाही, मीही नाही.

डिसेंबरात पुन्हा दह्याचा डबा.
कोण ठेवून गेलं, काउंटरवर कुणी पाहिलं नाही.
आत माती, मातीवर एक वाळलेलं लाल बोंड.
वजन करायच्या आधी मी ते चावलं.
नियमात बसत नाही.

शिसे, बासष्ट.
खा, म्हणावं. पण कुणाला, कुठे?

पत्त्याचा रकाना कोरा ठेवला
तर संगणक पुढे सरकत नाही.
मी लिहिलं :
नऊ टब.