द्वारका मेतरची न्हाणी

चाळीस वर्षं मी चिरा लावतोय.
ओळंबा, गुण्या, थापी; बाकी मला काही येत नाही.
चिरा हातात घेतला की कळतं
कुठला चार पावसांत विरेल
आणि कुठला नातवंडांना पुरेल.
तर तोंडवळीत, सुरूच्या बनामागे,
द्वारका मेतरनं मला बोलावलं
आणि मांगरात नेऊन दाखवल्या
अकराशे बाटल्या.

सगळ्या लिटरच्या, बुचं घट्ट लावलेल्या,
जळाऊ लाकडांसारख्या आडव्या रचलेल्या,
प्रत्येकीचं पोट गच्च.
मी म्हटलं, बाय, मी गवंडी. भंगारवाला नाही.
ती म्हणाली, "चिरो माका परवडणा नाय.
हातात घेवन तरी बघ."

घेतली.
दाबली. दबली नाही.

दोन वर्षं तिच्या घरातून कचरा बाहेर गेला नव्हता.
दुधाच्या पिशव्या धुऊन दांडीवर वाळायच्या,
मग शाम्पूच्या पुड्या, पोरांची वेफरची पाकिटं,
सासूच्या गोळ्यांच्या पिशव्या, मखराची झिरमिळी,
वादळानं फाडलेली ताडपत्री, कात्रीनं बारीक केलेली.
कोंबायला पोफळीची एक कांब,
टोक झिजून गुळगुळीत झालेलं.
आणि ज्या तराजूत ती सोडे विकते
त्याच तराजूत बाटली चढायची.
हलकी भरली की परत पोरांकडे:
"अजून कोंब. वारो भरून काय उपेग?"

उधाणानं आणून टाकलेल्या काही होत्या,
कुठल्या जहाजावरच्या, अक्षर कुणाला लागेना.
त्या तिनं खालच्या थराला सांगितल्या.
पाहुणे खूप फिरलेत, म्हणे, आता बसू देत.

मी विचारलं, आग लागली तर?
"न्हाणयेत आग लागतली, मेस्त्री?"
मी माती कालवायला घेतली.

चिरा मुकाट बसतो. बाटली घरंगळते.
पहिल्या दिवशी दोन थर झाले आणि संध्याकाळी
पोट सुटल्यासारखी भिंत पुढे आली.
ओळंबा लोंबत राहिला, मी त्याच्याकडे बघेना.
दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या जाळ्याची दोरी काढली,
बुचाखाली मान धरून एकीला दुसरी बांधत गेली,
जाळं विणताना मारतात तीच गाठ,
माझ्या डोळ्यांना न सापडणारी.
मी फक्त माती देत होतो.
चाळीस वर्षांनी पुन्हा हाताखालचा पोर.

माती, भाताचं तूस, थोडं सिमेंट
(त्यावरही घासाघीस).
छपराखालच्या थराशी आलो तेव्हा
तिनं तीन हिरव्या बाटल्या पुढे केल्या.
"ह्यो रिकाम्योच ठेव."
कित्याक?
"उजेडाक."

आणि शेवटची एक अर्धवट निघाली.
घरात कोंबायला चिंधी उरली नव्हती.
पोरं अंगण शोधून आली, मांगर शोधून आली.
ती काही बोलली नाही. बाटली धरून उभी राहिली
आणि माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत राहिली.

सात निघाल्या. त्या एका दिवसाच्या.
गुटख्याच्या सात पुड्या, लाळेनं चिकटलेल्या.
तिनं त्या आधी धुवायला लावल्या.
मी, पोरांच्या देखत, नळाखाली पुड्या धूत बसलो.

आता गिलावा झालाय, वर चुना.
बाहेरून बघणाऱ्याला ती कुणाचीही न्हाणी वाटेल.
पाच पावसाळे गेलेत. एक कोपरा उंदरानं उकरला,
तो मी लिंपून दिला, पैसे घेतले नाहीत.
पुडी सोडलीय असं नाही म्हणणार.
पण त्या वाटेनं जाताना
हात खिशावर जातो,
आणि सकाळी कुणी आत आंघोळ करत असलं तर
पाण्याचा आवाज येतो
आणि वरचे तीन हिरवे डोळे
आतल्या वाफेनं हळूहळू धूसर होतात.