कुत्र्याचा डबा

हॅवलॉकच्या धक्क्यावर एकवीस वर्षं
मी शिणाणे उघडले.
पात्याचं टोक दोन शिंपांच्या फटीत सरकवायचं,
आत एक आखूड स्नायू असतो,
तो कापला की बिजागरी सैल,
घर उघडं.
किती झाले ते फोरमन मोजायचा.
मी गारठा मोजायची.

आता अंगठा सकाळी माझ्यानंतर उठतो.
किटली उचलते ती दोन्ही मनगटांत धरून,
बरणीचं झाकण शेजारचा तेविता फिरवून देतो,
आणि जिना उतरताना
माझी एक पायरी, गुडघ्याचं एक वाक्य.

नवी डॉक्टर एक्स-रे दाखवत म्हणाली,
कूर्चा झिजलीय,
दोन हाडांमधली गादी समजा.
मी विचारलं, शिणाण्यांची पूड घेऊ?
ती हसली नाही.
अपाय नसावा, म्हणाली,
उपायाचं छातीठोक कुणी सांगत नाही.

दुकानात साठ गोळ्या,
माझ्या एका दिवसाच्या जुन्या मजुरीएवढ्या.
बाटलीवर आमचीच खाडी छापलेली,
पाणी इतकं निळं
की मला ओळख पटेना.
पहाटे चारला ते काळंच असतं.

घरी पिपी आहे, तेरा वर्षांची, मागचे पाय ओढते.
तिला व्हेटनं तीच पूड दिली,
त्याच कारखान्याची, मोठा डबा, निम्मी किंमत,
झाकणावर जीभ काढलेला लॅब्रेडॉर.
तिच्या वाटीत एक चमचा.
मग, कुणी ऐकत नाही म्हणून सांगते,
माझ्या लापशीत एक.

वास तोच. ओहोटीचा, ओल्या दोरखंडाचा,
रबरी एप्रनच्या आतल्या घामाचा.
ज्यांच्या बिजागऱ्या मी कापल्या
ते माझ्या बिजागऱ्यांत वंगण घालायला येतील?
त्यांच्या जागी मी असते
तर आले नसते.

सहा आठवडे झाले.
पिपी पुन्हा सोफ्यावर चढते,
अर्थात सोफाही बसका झालाय.
माझं काही सांगता येत नाही.
मंगळवारी एक बरणी उघडली खरी,
तेवितानं आधी सैल करून ठेवली असेल.

काल हुहाना आली, माझी थोरली.
डबा पाहिला, चमचे दोन पाहिले.
आई, हा कुत्र्याचा आहे!
म्हटलं, वाच नीट,
वजनाप्रमाणे मात्रा दिलीय.
तक्ता पंचेचाळीस किलोंवर संपतो,
तिथून पुढे
मी अंदाजानं घेते.