शेऱ्याचा रकाना

सतरा वर्षं मी एकच शेरा लिहीत आले:
‘लाळ. नमुना नाकारला. पुन्हा पाठवा.’
तुर्भ्याच्या आरोग्य केंद्रात, जिन्याखालच्या खोलीत,
जिच्या बाहेरच्या भिंतीवर पाटी आहे ‘येथे थुंकू नये’
आणि आत मी, डबी पुढे करत,
थुंका म्हणते. खोल श्वास घ्या, छातीतून काढा,
घशातलं नको, तोंडातलं तर नकोच.

बेडका म्हणजे पुरावा,
घट्ट, पिवळट, तळाला धरून बसणारा.
लाळ म्हणजे नुसतं पाणी,
तान्ह्याच्या लाळेऱ्यावरचं,
साहेबापुढं घोटतात ते.
काचपट्टीवर पसरली तरी काही बोलत नाही
असं मला शिकवलं होतं, आणि मी पुढच्या दोघींना शिकवलं.

कौसाबाई हिवाळे मसाला मार्केटात मिरच्यांची देठं खुडते.
वय विचारलं तर म्हणाली, लिहा पन्नास, कमी वाटलं तर वाढवा.
खोकला कोरडा. चार महिने.
गाळ्यावर सगळ्याच खोकतात,
ब्याडगीचं पोतं उसवलं की हमालसुद्धा पदर मागतात,
मग कोण कुणाचा खोकला वेगळा काढणार?
तिनंही काढला नाही. ओवा चघळला, गूळ खाल्ला.
साडीला मात्र एक निरी जास्त पडायला लागली,
मग दोन.

तीनदा डबी दिली.
तीनदा पहाटे उठून, चूळ भरून, छाती पिळून
तिनं आणलं ते तळ झाकेल इतकंही नव्हतं,
आणि तीनदा माझ्या वळणदार अक्षरात: लाळ.
“बाई, वर येतच नाही तर आणू कुठून?”
छातीचा फोटो धूसर. जुना डाग, की नवा, की नुसता धुरळा.
डॉक्टर मांजरमकर चष्मा चढवून बघत, उतरवून बघत.

होळीच्या आसपास एक कागद आला:
ज्यांना बेडका पडत नाही त्यांची लाळ घ्या,
अभ्यासापुरती, मशीनमध्ये घालून बघू.
खरं सांगते, राग आला.
सतरा वर्षं जे फिनेल घालून ओतून दिलं
ते आता बर्फाच्या पेटीत जपायचं?

कौसाबाईला बाकावर बसवलं.
तोंड कोरडं पडलेलं, भीतीनं की सवयीनं.
खायला काही द्यायचं नाही, नियम.
म्हटलं, चिंचेची गोणी आठवा,
शेजारच्या गाळ्यावरची, नव्या चिंचेची,
तिच्यावर मीठ…
पुढचं तिनंच सांगितलं: जराशी मिरची, अन् गुळाचा खडा.
बोलता बोलता तोंड मिटून हसली
आणि डबीकडे बोट केलं.
पाण्यासारखं, तीन रेघांपर्यंत.

दोन तासांनी पडद्यावर आलं: आढळले. अत्यल्प.
मी टेबलावर थाप मारली.
बाईला क्षय निघाला आणि मला आनंद झाला;
मग नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिले.

तिला सांगितलं तेव्हा पदर तोंडाशी धरून गप्प बसली.
मग म्हणाली, “म्हंजी मिरचीचा दोष नव्हता.
उगाच शिव्या घातल्या मी तिला चार महिने.”

पुढच्या तपासण्यांनी मान डोलावली. गोळ्या सुरू झाल्या.
एका बाईवरून काही ठरत नसतं, डॉक्टर म्हणाले,
अभ्यास चालू आहे अजून, उड्या मारू नका.
नाही मारत.

फक्त काल संध्याकाळी जुनी रजिस्टरं काढली,
वाळवी बघायच्या निमित्तानं.
दिघ्याचा प्रशील, वय नऊ. लाळ.
इंदिरानगरची नसीबुन्निसा, बाळंतीण. लाळ.
खदानीवरचा यल्लप्पा, आडनाव पुसट. लाळ. लाळ.
पुन्हा पाठवा, मी लिहिलं होतं.
यल्लप्पाच्या नावापुढे फोन नंबरही आहे.
मोजले. आकडे नऊच.